पाऊण तासाचा इतिहास

परक्या गावी स्थळे दाखविणाऱ्या मनुष्याने एखादी गोष्ट रंगवून सांगितली, ती खरी नाही हे आपणांस पक्के ठाऊक आहे, आणि भोवतालची चाळीस माणसे ती मोठ्या आनंदाने ऐकत आहेत. अशा वेळी जाणत्या मनुष्याने बोलावे की गप्प बसावे? प्रश्न दिसावयास लहान आहे. सत्य बोलावे हे लहान मुलासही ठाऊक असते, आणि आम्ही तर आयुष्याची तीस वर्षे विद्यार्थ्यांस नीतिशास्त्र शिकविण्यात घालविली आहेत. तथापि गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत जंजिऱ्याच्या दरवाज्यात उभे असता हा प्रश्न आमच्यापुढे प्रत्यक्ष येऊन ठाकला, तेव्हा आम्ही जे केले त्याचे समाधान आम्हांस अद्याप वाटत नाही. ते का वाटत नाही, याचा शोध घेण्यासाठी हा लेख लिहीत आहो.

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटाच्या डोंगरांत वसलेल्या आमच्या मुलखात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडतो, आणि तोही आपल्या लहरीप्रमाणे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयते घेऊन ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. त्यामुळे प्रवास म्हणजे पोटासाठी गाव सोडणे, हाच अर्थ आमच्याकडे पुष्कळांच्या अनुभवाचा आहे. केवळ पाहण्यासाठी गाव सोडणे ही थोड्यांची चैन. उलट कोकणातून आमच्या अंबाजोगाईस येणारी वाट फार जुनी. योगेश्वरी ही कित्येक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. तिच्या दर्शनासाठी समुद्रकाठची माणसे पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून आमच्या गावी येत आली आहेत. त्यांच्या गावी मात्र आमच्यापैकी फारसे कोणी गेले नव्हते. ही उणीव भरून काढावी असे गावातील काही मंडळींच्या मनात आले, आणि शिक्षक, व्यापारी, शेतकरी व महाविद्यालयातील वीसेक विद्यार्थी मिळून चाळीस माणसांची सहल ठरली. रात्री निघावयाचे, दिवस मुरुडच्या समुद्रावर घालवावयाचा, आणि रात्री पुन्हा परतीची वाट धरावयाची. बस, दोन वेळचे जेवण व होडीचे भाडे माणशी ठरलेल्या रकमेत धरले होते. वाटाड्याची बिदागी मात्र ज्याने त्याने खुशीने द्यावयाची होती. ही शेवटची अट वाचकांनी लक्षात ठेवावी.

चारशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून, ताम्हिणीचा घाट पहाटे उतरून, आम्ही मुरुडास पोहोचलो. तेथून राजपुरीच्या धक्क्यावर गेलो. समुद्र प्रथमच पाहणाऱ्या मंडळींत बराच वेळ कोणी बोलेना. नंतर सगळी एकदम बोलू लागली. शिडाच्या होडीत बसताना म्हाताऱ्यांनी देवाचे नाव घेतले, आणि तरुणांनी घेतले नाही असे दाखविले.

जंजिरा हा शब्दच मुळी अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, यावरून आला आहे. हा किल्ला हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, हिंदुस्थानात आलेल्या सिद्दी लोकांनी शतकानुशतके राखला. आमच्या मुलखाशी त्यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. बीड व जंजिरा ही दोन्ही ठिकाणे एके काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होती. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे त्याच निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांस जेरीस आणणारा मलिक अंबर हा हबशीच होता. त्यानेच १६१० मध्ये खडकी हे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद, आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहरास त्याने जे नहराचे पाणी दिले त्याचे गुणगान मराठवाड्यात आजही होते. पुढे १९४८ साली जंजिऱ्याचे संस्थान विलीन झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान व त्याबरोबर आमचा जिल्हाही भारतीय संघराज्यात आला. म्हणजे समुद्रातील हा किल्ला आणि आमचा कोरडा मुलूख यांच्या इतिहासाचे धागे ठिकठिकाणी एकत्र आलेले आहेत. परंतु होडीत यातले काही बोलण्याची पाळी आमची नव्हती. तो अधिकार वाटाड्याचा होता.

वाटाड्या चाळिशीच्या घरातील, उन्हाने रापलेला, मोठ्या आवाजाचा गृहस्थ होता. त्याने होडीत प्रथम लाय पाटलाची हकीकत सांगितली. शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचा फार प्रयत्न केला. एका रात्री लाय पाटील या कोळी सरदाराने जिवावर उदार होऊन किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या. परंतु मागून येणारी फौज वेळेवर आली नाही, उजाडण्याची वेळ झाली, आणि शिड्या काढून परतावे लागले. तरीही महाराजांनी त्यास पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाला, आम्ही दर्यावर फिरणारी माणसे, आम्हांला पालखी काय करावयाची? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नाव 'पालखी' ठेवले आणि ते त्यास दिले. बखरीच्या परंपरेने आलेली ही हकीकत ऐकताना आम्ही मनापासून मान डोलविली. फसलेल्या प्रयत्नाचाही मान राखणारा राजा आणि मिळालेला मान आपल्या धंद्याच्या मापाने मागणारा सेवक, असे चित्र कोणा शिक्षकास आवडणार नाही?

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तट वळतो आणि होडी एकाएकी उंबऱ्याशी येते. आत शिरताना भिंतीवर एक शिल्प आहे. एका पशूने पंजांत, शेपटीत व तोंडात हत्ती धरले आहेत. वाटाड्याने सांगितले की, हा पशू म्हणजे सिद्दी, आणि हे हत्ती म्हणजे त्याने लोळविलेल्या सत्ता. प्रत्येक हत्तीचे त्याने नाव सांगितले. गंमत अशी की, आमच्याच शेजारी दुसऱ्या जिल्ह्यातील एक तुकडी उभी होती, आणि तिचा वाटाड्या त्याच हत्तींची नावे निराळी सांगत होता. आम्ही हे ऐकले, मनात नोंदविले, आणि गप्प राहिलो.

आत आम्हांस पाऊण तास मिळाला. पडके वाडे, झुडुपे, तटावरच्या तोफा, आणि मधोमध दगडांनी बांधलेला तलाव. या तलावापाशी आमच्याबरोबरची एक वृद्ध बाई थबकली. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे कसले, असे तिने विचारले. "गोडं पाणी आहे, आजी," वाटाड्या म्हणाला. ती बराच वेळ हिरव्या पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "समिंदरात पाणी ठिवायचं देवाच्या ध्यानात राह्यलं, अन् आमच्या रानात ठिवायचं इसरला." कोणी हसले नाही. हे पाणी येते कोठून, असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा वाटाड्या म्हणाला, "ते मलाही कधी कळलं नाही." त्या दिवसात 'मला ठाऊक नाही' असे तो एवढ्या एकाच वेळी म्हणाला. तेव्हा त्याचे मोल आमच्या ध्यानात आले नाही.

पुढे बुरुजावर कलाल बांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. वाटाड्याने सांगितले की, ही तोफ पंचधातूची असल्यामुळे कितीही ऊन असले तरी तापत नाही. दुपारचे बारा वाजून गेले होते. आमच्या विद्यार्थ्यांत एक मुलगा होता. त्याचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीस जातात, आणि तोही लहानपणापासून त्यांच्याबरोबर फडांत राहिलेला. तो सरळ मनाने म्हणाला, "आमचा कोयता उन्हात राहिला तर हात लावू देत नाही, मग ही कशी तापत नाही?" असे म्हणून त्याने तोफेवर पंजा ठेवला, आणि लगेच उचलला. "तापलीय की, सर!" सगळी मंडळी खो खो हसली. वाटाड्याही हसला, परंतु त्याचे हसणे सर्वांच्या मागून आले आणि सर्वांच्या आधी संपले.

येथपर्यंत सर्व ठीक होते. मुलाने प्रश्न विचारला, हात लावून पाहिले, आणि जे आढळले ते सांगितले. त्यास कोणाला हरवावयाचे नव्हते. आमचे मात्र तसे राहिले नाही. परत दरवाज्याशी होडीची वाट पाहत उभे असता आम्ही मंडळींस त्या शिल्पाकडे वळविले आणि दहा मिनिटांचे व्याख्यान दिले. हा शरभ नावाचा काल्पनिक पशू असून दख्खनमधील पुष्कळ किल्ल्यांच्या दरवाज्यांवर निरनिराळ्या राजवटींत तो आढळतो. तो सामर्थ्याचे चिन्ह आहे. हत्तींस चिकटविलेली नावे मागाहूनची, आणि तीही सांगणाऱ्यागणिक बदलणारी. मग संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्याचा केलेला प्रयत्न, मोगल फौज चालून आल्यामुळे तो सोडून द्यावा लागणे, समोर दिसणारा शिवाजी महाराजांनी बांधविलेला पद्मदुर्ग, त्या पद्मदुर्गास रसद वेळेवर न पोहोचविणाऱ्या एका अधिकाऱ्यास महाराजांनी १६७५ मध्ये लिहिलेले कडक पत्र, असे सर्व सांगितले. एकही विधान खोटे नव्हते. वाटाड्या चार पावलांवर समुद्राकडे तोंड करून उभा होता.

राजपुरीच्या धक्क्यावर उतरल्यानंतर बिदागीसाठी रुमाल फिरविण्यात आला. पुष्कळांनी खिशात घातलेला हात तसाच ठेवला. आमच्या गावचे एक वृद्ध शेतकरी आमच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "सर, तुमचं समदं खरं असंल. पण त्येच्या रुमालात आज कमी पडलं, ते काय तुमच्या शरभानं भरायचं का?"

आम्ही आमची रक्कम घेऊन वाटाड्याकडे गेलो आणि दिलगिरीचे दोन शब्द बोलू लागलो. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, त्याचा राग कशाला? सुरुवातीला मीही 'माहीत नाही' म्हणायचो. लोक म्हणायचे, मग तू दाखवणार तरी काय? सालं सांगितली की लोक फोटो काढायला जातात. तोफेचं सांगितलं की थांबतात. पावसाळ्यात होडी बंद. उरलेल्या आठ महिन्यांत वर्षाचं पोट भरायचं, आणि एका तुकडीला पाऊण तास." वारा कोणत्या बाजूने असला म्हणजे होडी दरवाज्याशी लावता येत नाही, पाण्याखाली खडक कोठे आहेत, हे त्याने आम्हांस त्यानंतर सांगितले. या गोष्टी त्याला आपल्या हातांनी ठाऊक होत्या. पण त्या त्यास कोणी विचारीत नव्हते. निघताना त्याने सहज विचारले, "तुमच्या गावी आलो तर तुम्ही काय दाखवाल?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता, मोठ्या अभिमानाने उत्तर दिले, "मराठीतला पहिला ग्रंथ जेथे लिहिला गेला ती जागा." तो म्हणाला, "मग यायलाच पाहिजे."

रात्री बस घाट चढू लागली. मंडळी झोपली होती, आणि आम्हांस झोप येईना. आपण बोललो ते खरे होते; मग मन खाते कशासाठी, असे आम्ही स्वतःस विचारू लागलो. येथून पुढे जे लिहीत आहो ते बरेचसे त्या रात्रीचे चिंतन आहे.

सत्य हे सर्वांस आणि सर्वकाळ देणे लागते, असे म्हणणारा एक कडक पक्ष आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने १७९७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात येथपर्यंत प्रतिपादिले आहे की, आपल्या घरी लपलेल्या मित्राचा जीव घेण्यास आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलण्याचा आपणांस अधिकार नाही. दुसऱ्या टोकाला प्लेटो उभा आहे. त्याने आपल्या 'रिपब्लिक' या संवादात राज्याच्या हितासाठी नागरिकांस एक उदात्त असत्य सांगावे अशी योजना सुचविली. आमच्या मंडळींत हे दोन्ही पक्ष होतेच. फक्त त्यांनी कान्ट व प्लेटो वाचले नव्हते. एक शिक्षक म्हणाले, खोट्याला खोटे म्हटलेच पाहिजे. एक व्यापारी म्हणाले, चार घटका करमणूक झाली, कोणाचे काय बिघडले?

आमच्या मते या दोहोंनीही एक गोष्ट नजरेआड केली. वाटाड्याच्या सर्व कथा एका जातीच्या नव्हत्या. आमच्या व्रतकथांचा आरंभ आटपाट नगराने होतो, आणि ते नगर नकाशात कोठे आहे हे लहान मूलही विचारीत नाही. तेथे फसवणूक नाही. कारण ही कहाणी आहे हे सांगणाराने पहिल्याच शब्दात कबूल केलेले असते. आमच्या भाषेत 'असे म्हणतात' हे दोन शब्द त्याच कामासाठी आहेत. तोफ तापत नाही असे म्हणतात, असे वाटाड्या म्हणाला असता तर त्याने असत्य भाषण केले असे कोणास म्हणता आले नसते, आणि कथेची गोडीही फारशी कमी झाली नसती. हे दोन शब्द गाळले म्हणजे कहाणी साक्ष होते, आणि साक्षीला सत्याची कसोटी लागते.

दुसरे असे की, सर्व असत्ये सारखी अपाय करीत नाहीत. तोफ उन्हात थंड राहते ही कथा निरुपद्रवी आहे. एखाद्या मुलाने हात लावला की तिचा निकाल लागतो. हत्तींच्या नावांची कथा तशी नाही. कोणी कोणास तुडविले, कोण आपला आणि कोण उपरा, हे ती कथा शिकविते. शिवाय ऐकणारी तुकडी बदलली की तीतला शत्रूही बदलतो. अशी कथा ऐकून घरी गेलेल्या मुलास मलिक अंबर आणि सिद्दी हे एकाच देशातून आलेले लोक होते, त्यांपैकी एकाने आमच्या मुलखाला पाणी दिले आणि दुसऱ्यांनी समुद्रावर आमच्या राजांशी वैर धरले, हे समजून घेण्याची इच्छा उरणार नाही. तेव्हा जी कथा कोणाचा तिरस्कार करावा हे शिकविते, ती जागच्या जागी दुरुस्त केली पाहिजे, मग रुमालात कमी पडो की अधिक. येथे आम्ही त्या शेतकऱ्याशी सहमत होऊ शकत नाही. त्याचा रुमाल भरण्याचा उपाय, जे थोडे आम्ही केले तेवढाच: आपल्या खिशातून घालणे.

असे असेल तर आम्ही जे केले ते योग्यच म्हणावयाचे. परंतु योग्य कृत्यही अयोग्य कारणासाठी होऊ शकते, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. हत्तींची नावे आम्ही प्रथम ऐकली, तेव्हा आम्ही गप्प बसलो होतो. तेव्हाच वाटाड्यास बाजूला घेऊन बोलता आले असते. आम्ही बोललो ते तोफेपाशी हशा पिकल्यानंतर, तो माणूस एकदा पडल्यावर. त्या हशात आम्हांस आपली संधी दिसली. सत्य सांगण्याची संधी आणि आपण किती जाणते आहो हे दाखविण्याची संधी एकदमच आली, आणि कोणती हाती धरली हे आमचे आम्हांस पुरते ठाऊक आहे.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. लाय पाटलाच्या हकीकतीवर आम्ही आक्षेप का घेतला नाही? तीही बखरीच्या परंपरेतूनच आलेली. तिला काय पुरावा, असे विचारणे आमचे कर्तव्य होते. आम्ही विचारले नाही, कारण ती आम्हांस आवडली. तिच्यातील नीती आमच्या पसंतीची होती. म्हणजे आमच्या सत्यप्रीतीलाही आवडनिवड आहे: जी कथा इतरांस सुखावते तिच्याकडे आम्ही पुरावा मागतो, आणि जी आम्हांस सुखावते तिला मान डोलवितो. मग वाटाड्याने लोकांस जे आवडते तेच सांगितले, यात त्याचा दोष तो किती? मालाला गिऱ्हाईक होते म्हणून माल दुकानात आला. पाऊण तासात पाच शतकांचा इतिहास, तोही वैभवाचा आणि हातात तयार, अशी मागणी घेऊन आम्ही चाळीस जण चारशे किलोमीटर गेलो होतो. तलावापाशी तो 'ठाऊक नाही' म्हणाला, ते वाक्य मात्र कोणी विकत घेतले नाही.

आणि आता आमच्या उत्तराविषयी. मराठीतला पहिला ग्रंथ जेथे लिहिला गेला ती जागा! मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० मधला, म्हणजे इ. स. ११८८ चा, असे परंपरेने मानतात. परंतु तो अंबाजोगाईसच लिहिला गेला, की वैनगंगेच्या काठच्या अंभोरा येथे, याविषयी विद्वानांत जुना वाद आहे आणि तो मिटलेला नाही. हे आम्हांस आजचे ठाऊक झालेले नाही. विद्यार्थ्यांस आम्ही ते दरवर्षी सांगतो, आणि परीक्षेत त्यावर गुणही देतो. परंतु कोकणातून कुलस्वामिनीच्या दर्शनास आलेले पाहुणे आमच्या घरी उतरतात, आणि आम्ही त्यांस समाधीकडे घेऊन जातो, तेव्हा गेली कित्येक वर्षे आम्ही हा वाद सांगितलेला नाही. सांगण्याचे ठरवून टाळले असेही नाही. पाहुण्यांच्या डोळ्यांत आदर दिसू लागे, आणि 'परंतु' हा शब्द ओठांवरच राहून जाई.

युद्धभूमीवर धर्मराजाने अश्वत्थामा मारला गेला हे वाक्य मोठ्याने उच्चारले आणि तो हत्ती होता हे हळू. त्याचे वाक्य व्याकरणाने पुरे होते आणि सत्यही होते. परंतु जमिनीपासून वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. आमचा रथ फार वरून चालत नव्हता, हे खरे. तथापि त्या रात्री बसच्या अंधारात आम्हांस असे वाटले की, आम्ही तर आमचा शब्द हळूही उच्चारीत नव्हतो. वाटाड्याला पोटाची सबब होती. आम्हांस पाहुण्यांच्या डोळ्यांतील आदराशिवाय दुसरी सबब नव्हती.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. जाणत्याने बोलावे. परंतु आधी एकांतात बोलावे. आणि कथा माणसांमाणसांत विष कालवीत असेल तरच चारचौघांत बोलावे. बोलताना सांगणाऱ्याचा धंदा कसा चालतो हे ध्यानात ठेवावे, आणि तो धंदा आपल्याच मागणीवर चालतो हेही. सर्वांत अगोदर, आपल्या गावी आपण जे वाटाडेपण करतो त्याची झडती घ्यावी; कारण प्रत्येक मनुष्य कोठे ना कोठे वाटाड्या असतोच. बाप मुलास घराण्याची कीर्ती सांगतो, शिक्षक वर्गास, यजमान पाहुण्यास. 'परंतु' गाळण्याचा मोह तेथेच सर्वांत मोठा असतो, आणि तेथे आपल्याला अडविणारा प्राध्यापक कोणी नसतो.

हे ठरविणे सोपे होते. गेल्या मार्गशीर्षात देवीच्या उत्सवासाठी रत्नागिरीकडील एक कुटुंब आमच्याकडे उतरले. आजी, त्यांचा मुलगा, सून, आणि दहाबारा वर्षांचा नातू. नेहमीप्रमाणे आम्ही त्यांस समाधीकडे नेले. मुकुंदराजांविषयी सांगितले, आणि या वेळी पुढचेही सांगितले: ग्रंथ येथेच लिहिला असे आमचे लोक मानतात, काही विद्वान तो वैनगंगेकाठी लिहिला असे म्हणतात, निर्णय झालेला नाही. मुलाने घड्याळाकडे पाहिले. सुनेने वर धरलेला फोन खाली घेतला. आजींचा चेहरा किंचित उतरला. तो उतरलेला चेहरा पाहताना आम्हांस जंजिऱ्याचा वाटाड्या आठवला. हा चेहरा तो आठ महिने रोज टाळीत होता.

"म्हणजे इथलं नक्की नाही?" आजींनी विचारले.

"नाही," आम्ही म्हणालो.

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "पण गृहस्थ तर इथेच आहेत ना, असं मानतात? मग नमस्कार करायला काय हरकत?" आणि त्यांनी नातवालाही वाकावयास लावले. 'असं मानतात' हे शब्द त्यांनी आपण होऊन घातले होते. इतक्या वर्षांत आम्हांस ते जमले नव्हते.